कुकरचे तीन डबे : पोरांच्या रात्रीच्या वाडग्यासाठी, व्हर्निअरने मोजून

आधी मापं. नाशिकला अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दिवसभर हातात व्हर्निअर, म्हणजे मिलिमीटरचे भाग मोजायचं साधन, असतो, त्यामुळे घरी आलेल्या भांड्याचीही सुटका नाही. डब्याचा व्यास १७ सेंटिमीटर, उंची साडेचार, पत्रा ०.७ मिलिमीटर. म्हणजे दुकानदार 'बावीस गेज' म्हणाला ते खरं निघालं. बऱ्याचदा निघत नाही. डबे तीन : दोन सपाट बुडाचे, एक भोकांचा. वर एक झाकण, आणि तिन्ही एकदम उचलायची दांडी. वजन किलोच्या आसपास. नाशिकच्या भांडी बाजारातून वजनावर घेतले, ७८० रुपये.

घेतले ते पोरांसाठी. सोहम साडेतीन वर्षांचा, ईरा अजून दोनची व्हायचीय. सोहमला भाताला वरण लागलेलं चालत नाही, ते शेजारी हवं. ईराला चमचा चालत नाही, सगळं हाताने उचलता आलं पाहिजे. बायको बँकेत, ती सात वाजता दमून येणार. मी फर्स्ट शिफ्टला असलो की साडेचारला घरी, म्हणून सोमवार ते शुक्रवार रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. आणि आई आहे, तिचं मत एकच, "खिचडी टाक ना रे, पोरं खिचडीवरच वाढतात."

खिचडीशी माझं भांडण नाही. पण ती एकदा झाली की झाली. गाजर नको म्हणाला तर त्यातून गाजर काढता येत नाही, मीठ कमी केलं तर मोठ्यांनी अळणी खायची, मिरची टाकली तर पोरांसाठी पुन्हा वेगळा कुकर. डब्यांत मात्र भात, डाळ आणि भाजी एकाच गॅसवर, एकाच वेळी शिजतात आणि तरीही ताटात येईपर्यंत वेगळी राहतात. वाडगा मग ज्याचा त्याने भरायचा. या सेटचा खरा उपयोग तो. गॅस वाचतो वगैरे ठीक आहे, पण तेवढ्यासाठी मी भांडी बाजारापर्यंत गेलो नसतो.

कल्पना काही नवी नाही. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मलिकांनी १९१० साली 'इकमिक कुकर' काढला, त्यात हेच होतं : खाली कोळसा, वर एकावर एक डबे, सगळं वाफेवर. आमच्या आजीकडेही तशाच धर्तीचा पितळी कुकर होता. प्रेशर कुकर आल्यावर वेळ घटला, डबे तसेच राहिले.

स्टीलबद्दल थोडं सांगतो, कारण दुकानात इथेच फसगत होते. दुकानदाराने लोहचुंबक काढून डब्याला लावलं, ते चिकटलं नाही, आणि तो म्हणाला, "बघा दादा, ३०४ आहे." ३०४ म्हणजे जास्त निकेलचं, वरच्या दर्जाचं स्टील. पण चुंबक न चिकटल्याने ते सिद्ध होत नाही. २०२ ग्रेडलाही चुंबक धरत नाही, आणि ते स्वस्त असतं कारण त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. उलट अस्सल ३०४ चा पत्रा दाबून डबा काढताना कोपऱ्यावर ताणला जातो, तिथे चुंबक किंचित ओढलं जाऊ शकतं. ते पाहून घाबरायचं कारण नाही. मी सरळ म्हटलं, "काका, बिलावर ग्रेड लिहून द्या." दिला लिहून. स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे मानक आहे आणि आयएसआय मार्क सक्तीचा करण्याचा आदेश सरकारने २०२४ मध्ये काढला, तेव्हा बुडावर मार्क आहे का तेही पाहा. प्रेशर कुकरला मार्क त्याआधीपासूनच लागतो.

(भांडी बाजारात पावसाळ्यात जाणार असाल तर गंगापूर धरणातून पाणी किती सोडलंय ते आधी बघा. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून इथे पूर मोजतात, तिच्या कमरेवर पाणी गेलं की तिथली माणसं गिऱ्हाइकापेक्षा माल वर चढवण्यात गुंतलेली असतात, आणि त्यांचं बरोबरच आहे.)

आता वापर. कुकरच्या तळाला दीड ग्लास पाणी. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर त्यात पिळलेल्या लिंबाची साल टाका, नाहीतर आतून काळा पडतो. सर्वांत खाली डाळ, कारण त्या डब्याला उकळत्या पाण्याचा थेट मार बसतो आणि डाळीला त्याची गरज असते. मध्ये भात. वर भोकांच्या डब्यात भाजी. चार शिट्ट्या, मग मंद गॅसवर पाच मिनिटं, आणि प्रेशर आपोआप उतरू द्यायचं. शिटी उचलून वाफ काढायची घाई केली तर डाळ उसळून भातावर येते. सगळं मिळून पाऊण तास, पण त्यात माझे हात गुंततात पंधरा मिनिटंच. उरलेल्या वेळात ईराचे कपडे बदलून होतात.

एक गोष्ट कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते. कुकरमध्ये पूर्ण प्रेशरला वाफ १२० अंशांच्या आसपास जाते, पण फक्त वाफच असेल तर. डबे एकमेकांवर घट्ट बसले आणि आतली हवा आतच अडकली, तर त्या डब्यात हवा आणि वाफ यांचं मिश्रण राहतं. प्रेशर तेवढंच, तापमान मात्र कमी. मधला भात कच्चा राहतो तो यामुळे, आणि घरोघरी शिव्या बसतात तांदळाला. या सेटच्या काठाला तीन ठिकाणी बारीक उंचवटे दिलेत, त्यामुळे डब्यांत फट राहते आणि हवा निघून जाते. डिझाइन करणाऱ्याने डोकं चालवलंय, आणि या सेटला मी सगळ्यांत जास्त गुण देतो ते याच गोष्टीला. दुकानात डबे एकावर एक ठेवून काठाशी कागद सरकवून बघा. सरकला पाहिजे.

भातासाठी इंद्रायणी. इगतपुरीकडचा मिळाला तर उत्तम. एक वाटी तांदळाला तीन वाट्या पाणी. वरच्या भोकांतून भाजीचं पाणी टपकतं, म्हणून त्यातलं थोडं कमीच. इंद्रायणी चिकट होतो, मोठ्यांना तो कधीकधी नको वाटतो, पण ईराच्या दोन बोटांत त्याचा घास धरला जातो. बासमती तिच्या हातून ताटात कमी आणि फरशीवर जास्त पडतो.

डाळ मुगाची किंवा मसुराची, भिजवायची भानगड नाही. तुरीची घ्यायची तर कामावरून आल्या आल्या भिजत टाकायची. डाळीत हळद, हिंग, बास. मीठ नंतर. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मीठ-साखर नकोच असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. आमची त्यापुढची आहेत, तरी त्यांना चिमूटभरच. पोरांची डाळ काढून घेतली की उरलेल्या वरणाला लसूण, मिरची आणि काळ्या मसाल्याची फोडणी. एकाच डब्यातून दोन घरांची जेवणं निघतात म्हणा ना.

भाजी चिरताना उलटं वागायचं : चिरायचीच नाही, फार तर दोन तुकडे. गाजर अख्खं, बटाटा सालासकट अर्धा, लाल भोपळ्याची मोठी फोड, फ्लॉवरचे मोठे तुरे. लहान फोडी त्या उष्णतेत विरघळून जातात. शिजल्यावर मग ज्याच्या वयाला जे हवं ते. ईराला बोटभर लांबीचे मऊ तुकडे, मुठीत धरून वरचं टोक खाता येईल असे. सोहमला चौकोनी फोडी, एकमेकींना न लागता. गाजर दोन बोटांत सहज दाबलं गेलं पाहिजे, ही माझी तपासणी. कच्चं किंवा अर्धकच्चं गाजर या वयाच्या घशात अडकतं.

यापुढचं काम ओट्यावर नाही, ताटाशी. माझ्याकडे मसाल्याचा एक जुना डबा आहे, त्याच्या वाट्यांत पोरांच्या वाडग्यावर घालायच्या गोष्टी असतात : भाजलेल्या शेंगदाण्याचा बारीक कूट, तिळाचा कूट, मेतकूट, जवसाची बिनतिखटाची चटणी. शेजारी तूप, दही, लिंबाची फोड. लिंबू नुसतं चवीला नाही. डाळीतलं आणि पालेभाजीतलं लोह शरीरात नीट शोषलं जायला क जीवनसत्त्व मदत करतं. सोहमला विचारतो, "काय काय घालू?" तो दोन गोष्टी निवडतो. दोनच, कारण सगळं समोर ठेवलं तर तो सगळं मागतो आणि काहीच खात नाही. निवड त्याची असली की भोपळासुद्धा जातो, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. रोज जातो असं मात्र म्हणत नाही.

सोमवारी साधं : भात, मुगाचं वरण, भोपळा, तूप, लिंबू. भोपळा मऊ असतो आणि गोडही, आठवड्याची सुरुवात भांडणाने होत नाही. मंगळवारी मसूर, बटाटा आणि मटार. मटार ईरासाठी चमच्याने दाबून चपटे करतो, आणि सोहमच्या बटाट्यावर पनीर किसतो. बुधवारी भाताच्या डब्यात ज्वारीच्या कण्या. एकाला चार पाणी, आणि कण्या सकाळी कामावर जातानाच भिजवून ठेवायच्या. वर दही आणि मेतकूट. हा वाडगा आमच्या घरात सगळ्यात आधी संपतो, मोठ्यांचासुद्धा. गुरुवारी अंडं : भाजीच्या डब्यात गाजराशेजारी दोन अंडी धुऊन ठेवून देतो. एवढ्या वेळात पिवळा घट्ट, थोडा कोरडाच होतो, म्हणून तो दह्यात कुस्करून भातावर. आईला गुरुवारी अंडं चालत नाही, तेव्हा ती घरी असली की बुधवार-गुरुवार अदलाबदल. शुक्रवारी फ्रीजमध्ये जे उरलं असेल ते, आणि त्याला कुणी नाव विचारत नाही.

कधी भाताऐवजी नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तांदळात त्याचा किरकोळ अंश. पण नाचणीचं पीठ डब्यात शिजवायला जाऊ नका, वर पातळ आणि खाली गोळा होतो. ती उकड वेगळी पातेल्यात, हलवत. डाळ आणि भाजी तेवढी कुकरला. हिवाळ्यात बायकोच्या माहेरची पद्धत म्हणून बाजरीचा खिचडा होतो, पण तो रविवारचा, कारण बाजरी ओलसर करून कुटायची म्हणजे कामाच्या दिवशी शक्य नाही.

सीझनला शेवटी द्राक्षं. नाशिकमध्ये राहून द्राक्षं न देता कसं चालेल? पण अख्खं द्राक्ष या वयाच्या पोराच्या श्वासनलिकेत बरोब्बर बसतं. उभं चिरायचं, आडवं नाही, आणि चार भाग. शेंगदाणाही अख्खा नाही, कूटच. पाहुणे घरी आले की मी याबाबतीत उद्धट वागतो.

आता डब्यांच्या खोड्या. काठ बाहेर दुमडलेला आहे, पण दुमड पूर्ण बंद नाही. आत पाणी आणि डाळीचं पिवळं शिरतं, आणि नीट वाळवलं नाही तर दोन दिवसांनी वास येतो. घासून झाल्यावर डबे पालथे नाही, आडवे ठेवतो. दांडीच्या खाचा एका डब्याला बाकीच्यांपेक्षा दीड मिलिमीटर वर पडल्यात. आमच्या कारखान्यात हा पीस परत गेला असता. दांडी बसते, पण थोडी हिसडून बसवावी लागते, आणि भरलेले गरम डबे हिसडणं मला पसंत नाही. म्हणून मी पक्कडीने एकेक डबा काढतो, दांडी ड्रॉवरमध्ये पडून आहे. झाकणाची मूठ स्टीलचीच, म्हणजे भाजते.

आणि भोकांच्या डब्यात बीट ठेवू नका. सगळा रंग खालच्या भातात उतरतो. सोहमने तो गुलाबी भात अत्यंत आनंदाने खाल्ला, आईने ताट बाजूला सारलं. बीट शिजवायचंच तर सपाट बुडाच्या डब्यात, आणि त्या दिवशी डाळीला सुट्टी.

आईबद्दल. तिला हे वेगवेगळं वाढणं अजून पटलेलं नाही. "कालवून दिल्याशिवाय पोराच्या अंगी लागत नाही," म्हणते, आणि मी पाणी आणायला उठलो की ईराच्या वाडग्यातलं सगळं कालवून चिऊ-काऊचे घास सुरू. ईरा खाते. मी काही बोलत नाही. वेगळं शिजवलेलं कालवता येतं, हेही या डब्यांच्या बाजूनेच जातं.

वाढायला आधी एक सिलिकॉनचा, टेबलाला चिकटणारा, कप्प्यांचा वाडगा घेतला होता, या अख्ख्या सेटपेक्षा थोडाच स्वस्त. ईराने त्याची खालची कडा नखाने उचलायला शिकायला फार वेळ घेतला नाही. शिवाय हळद आणि तेल त्यात मुरलं की तो कायमचा पिवळा आणि वासाचा. आता काठाचं जड स्टीलचं ताट आणि त्यात दोन छोट्या वाट्या. उपडं होतंच, पण वाडग्यातलं सगळं एकदम नाही, एकच वाटी जाते. गरम वरण स्टीलमध्ये लगेच देऊ नका, वाटी बाहेरून तापते. मी आधी पसरट ताटलीत निववतो.

इलेक्ट्रिक स्टीमरही पाहिला होता. भाजी त्यात जास्त छान होते, हिरवी फरसबी हिरवीच राहते, कुकरमध्ये ती मेंदीच्या रंगाची होते. पण साध्या वाफेवर डाळ शिजायला वेळ लागतो आणि ओट्यावर जागा नाही. फक्त भाज्याच वाफवायच्या असतील तर तो घ्या, हे डबे नको.

उरलेल्या भाताचं सांगून ठेवतो. कुकरमध्ये डबा तसाच झाकून रात्रभर ठेवायची सवय अनेक घरांत आहे. लहान पोरं असतील तर नको. कोमट भातात जंतू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्यानेही जाईलच असं नाही. जेवणं झाली की लगेच पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये, आणि सकाळी वाफ येईस्तोवर गरम करून डब्याला.

घ्यायचे असतील तर एवढं करा. कुकरची लिटरं सांगून डबे मागू नका, कारण पाच लिटरचा एक कुकर उंच असतो, दुसरा बुटका आणि रुंद. बुटक्यात तीन डबे बसत नाहीत, दोनच घ्या. हॉकिन्ससारखं आतून बसणारं झाकण असेल तर कुकरचं तोंड पोटापेक्षा अरुंद असतं, तेव्हा माप तोंडाचं घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे झाकण घरी ठेवून कुकरच पिशवीत घालून न्यायचा आणि दुकानात डबे घालून बघायचे. भांडी बाजारात त्याला कुणी हसत नाही. माझ्या पुढच्या बाई तर तीन कुकर घेऊन आल्या होत्या. डबे आत गेल्यावर सगळीकडून बोटभर जागा आणि वर झाकणाखाली दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत, म्हणजे वाफेची वाट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह अडत नाही. दांडीच्या खाचा तिथेच तपासा, तिन्ही डबे लावून.

पाचपैकी चार. अर्धा गुण काठासाठी कापला, अर्धा त्या दीड मिलिमीटरसाठी.